पवित्र भूमीतील एक मूकपट

१९१२ साली न्यूयॉर्कच्या केलेम कंपनीने दिग्दर्शक सिडनी ऑल्कट यांच्याबरोबर आपला नटसंच मिसर व पॅलेस्टाईन येथे धाडला आणि प्रभू येशूच्या चरित्रावरील मूकपट तेथेच चित्रित करविला. ‘गव्हाणीपासून वधस्तंभापर्यंत’ असे त्याच्या नावाचे मराठी रूप होईल. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडन येथे तो पाळकवर्गास दाखविण्यात आला. (दादासाहेब फाळके यांना मुंबईत ज्या ख्रिस्तपटाने चित्रपटाचा ध्यास लावला, तो याहून आधीचा.)

देहधारणाचा सिद्धांत मानणाऱ्यांस स्थळ ही क्षुल्लक गोष्ट वाटू नये. मिसरात पलायन केलेले ते कुटुंब स्फिंक्सच्या प्रचंड पाषाणापुढे विसावते, तेव्हा त्याची निराधार अवस्था रंगविलेल्या पडद्यापुढे कधीच उमटली नसती इतकी ठळक होते. येथे ऑल्कट यांचा प्रवास सार्थकी लागला, असे आम्हांस वाटते.

परंतु त्या भूमीकडे पाहण्याची दृष्टी मात्र घरूनच आणलेली होती. अनेक दृश्यांची मांडणी फ्रेंच चित्रकार टिसो यांच्या बायबलचित्रांबरहुकूम केलेली आहे. ख्रिस्ताची भूमिका हेंडरसन-ब्लँड या इंग्रज नटाची. मरियेची जीन गाँटिए या अमेरिकन बाईंची, कथानकही त्यांचेच. त्या देशीचे रहिवासी दिसतात ते बहुतांशी जमावात. इतक्या दूर जाऊन त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहण्यास या मंडळींस सवड झाली नाही, हे आम्हांस खटकते.

पडद्यावरील मजकूर मात्र शास्त्रवचनांचाच आहे, आणि हा संयम मोलाचा. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू व गोंडी बोलणारे लोक राहतात. तेथील एखाद्या मंडळीत हा मूकपट दाखविला, तर ती वचने तिन्ही भाषांत मोठ्याने वाचता येतील. इंग्रज नटाच्या मिटल्या ओठांआड श्रोत्यांचीच बोली ऐकू येईल. बोलपटात त्यासाठी आवाज नव्याने बसवावा लागतो.

आमचा मुख्य आक्षेप शेवटाविषयी आहे. वधस्तंभावरील मृत्यूपाशी चित्र संपते, पुनरुत्थान नाही. यरुशलेमापर्यंत गेलेल्या कॅमेऱ्याने रिकाम्या कबरेपाशी न थांबावे, हे कलादृष्ट्या संयमाचे म्हणता येईल. पण प्रेषितांचा संदेश त्या कबरेवाचून उभाच राहत नाही. सबब हा चित्रपट दाखविणाऱ्या पाळकाने दिवे लावण्यापूर्वी, अंधारातच, योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय वाचावा.