‘परायाह’ म्हणजे कोण?

नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आपल्या पोरापोरींच्या हातात सर्रास दिसतं. १९४९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आज फूटपाथवरही मिळतं. इंग्रजीचा शब्दसाठा वाढवायला ते चांगलंच आहे, हे आधी मान्य करतो.

कारण लुईस घोकंपट्टी शिकवत नाही, शब्दाचं मूळ दाखवतो. द्वेषाचं ग्रीक मूळ स्त्रीच्या मुळाला जोडलं की ‘मिसोजिनिस्ट’, माणसाच्या मुळाला जोडलं की ‘मिसॅन्थ्रोप’. एक मूळ धरलं की शब्दांची रांग लागते. ज्याच्या घरात कधी इंग्रजी पेपर आला नाही, त्याच्या हातात ही कुदळच आली म्हणा ना.

पण कुदळ कुठं मारायची? ते लुईस सांगणार नाही. ते आपलं काम.

परीक्षेच्या शब्दयाद्या काढून बघा. ‘पंडित’ म्हणजे तज्ज्ञ. ‘परायाह’ म्हणजे वाळीत टाकलेला. आपली पोरं हे मुकाट पाठ करतात. आता मूळ उकरा. ‘परायाह’ आला तमिळनाडूतल्या परैयर या अस्पृश्य जातीच्या नावावरून आणि ते नाव ‘परै’ या वाद्यावरून. म्हणजे ढोल वाजवणारा माणूस इंग्रजीत गेला तो शिवी होऊन. भट मात्र तिथंही विद्वानच! दोस्तांनो, साहेबाच्या डिक्शनरीलाही गावकूस आहे. याद्या हे सांगत नाहीत. अर्थ देतात, इतिहास गिळतात.

याउलट बाबासाहेब बघा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं भाषण रद्द केलं, तरी त्यांनी ते स्वतः छापलं. नाव दिलं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. ‘अ‍ॅनिहिलेशन’च्या पोटात लॅटिन ‘निहिल’ आहे, म्हणजे काहीच नाही. जातीची सुधारणा नव्हे, डागडुजी नव्हे. जात शून्यावर आणायची. अख्खी भूमिका एका शब्दात. आणि जिथं साधे शब्द पुरले तिथं त्यांनी साधेच वापरले. ‘ग्रेडेड इनइक्वॅलिटी’ला कुठला क्लास लागतो?

म्हणून माझं म्हणणं एवढंच : इंग्रजी शिका, दाबून शिका. पण जड शब्द फेकून मीटिंगमध्ये आपल्याच माणसाला गप्प करणार असाल, तर तुम्ही नवे भटजी झालात. आज इंग्रजी कोशांत ‘दलित’ हा शब्दही आहे. तो कुणी दयेनं दिलेला नाही. लिहून, लढून तिथं नेलेला आहे.

पुढचा शब्द कोण नेणार?