जीर्णोद्धार कुणाचा?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज; त्यानं ती बांधवली. आत काळ्या पाषाणातले नेमिनाथ. मंडपात उभं राहून मान वर केली की छतातून खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं. त्याला बहात्तर पाकळ्या. मागच्या, चालू आणि पुढच्या अशा तीन चोविशींचे तीर्थंकर या पाकळ्यांत मानले आहेत. म्हणजे होऊन गेलेलं आणि यायचं, दोन्ही एकाच देठाला. जुनं जपायचं कशासाठी, याचं एवढं नेमकं उत्तर मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

ही बस्ती आज शाबूत आहे, कारण ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, असा कायदा आहे. त्या कायद्याबद्दल आपली मंडळी कुरकुरतात. पण खरं सांगायचं, तर हे कमळ आपल्या समितीच्या हातात असतं तर त्याला केव्हाच ऑइलपेंटचा गुलाबी रंग बसला असता.

हे कडू वाटेल. पण चिकोडी, अथणी, हुक्केरीकडच्या खेड्यांतून फिरून बघा. या गावांतल्या जुन्या बस्त्या बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. तिथं राखणारे आपण आणि मोडणारेही आपणच. माझ्या माहेरच्या गावी बस्तीचा जीर्णोद्धार झाला. दगडी चौकट गेली, तिच्या ललाटावर बारीकशी जिनमूर्ती होती. घडीव खांब गेले. त्या जागी संगमरवर, चकचकीत फरशी, स्टीलचे कठडे आणि देणगीदारांच्या नावांची भिंत आली. जुनी अक्षरं कोरलेला एक दगड होता, तो आता हातपाय धुवायच्या नळापाशी पायरी म्हणून बसवलाय. कमल बस्तीच्या काळातले बेळगावचे शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, म्हणून आपण हळहळतो. तिथं निदान त्यांच्यावर कुणी पाय धूत नाही.

समितीचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. छत गळत होतं, पर्वात माणसं मावत नव्हती, मुनिसंघ आला तर उतरायला जागा नव्हती. तिन्ही अडचणी खऱ्या. पण गळतं छत दुरुस्त करता येतं. गर्दीसाठी शेजारी सभामंडप बांधता येतो, त्यागी-निवास तर वेगळाच लागतो. यातल्या एकाही कारणानं चौकट फोडावी लागत नाही. ती फोडली जाते, कारण जुन्या खांबावर देणगीदाराचं नाव घालता येत नाही.

शिवाय दुरुस्तीचंही शास्त्र आहे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. घाणीत मळलेला चुना ओल धरतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मग दहा वर्षांनी आपणच म्हणतो, "बघा, बस्ती जीर्णच झाली होती."

नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य मोठं, असं प्रवचनात सांगतात. मला ते पटतं. पण त्या शब्दात उद्धार जीर्णाचा करायचा आहे. जीर्ण काढून टाकलं, तर मग उद्धार कुणाचा झाला?

दगडाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, तिची तर नोंदही होत नाही. जन्मकल्याणकाला आमच्या आज्या-काकू जिनबाळाचा पाळणा म्हणायच्या. अर्धी ओळ मराठी, अर्धी कन्नड, मधेच एखादा प्राकृत शब्द. सीमेवरच्या माणसाची भाषा अशीच असते. ती कुठल्या राज्याची, हे पाळण्याला विचारायचं नसतं. आता पाळण्याच्या दोरीची बोली लागते आणि भाड्यानं आणलेला वाद्यवृंद सिनेमाच्या चालीवर भजन गातो. ज्यांना पाळणा येतो त्या म्हाताऱ्या मागं खुर्चीवर बसलेल्या असतात. बस्ती कशी असावी हे ठरवायला बायकांना बोलावत नाहीत, निर्वाणलाडू वळायला तेवढं बोलावतात.

सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये याच मातीतले. जुन्या प्राकृत पोथ्या ताडून, एकेक पाठभेद लावून त्यांनी ग्रंथ छापण्याजोगे केले. पोथी फाटकी आहे म्हणून त्यांनी नवी लिहून काढली नाही. आहे ते आधी वाचलं. बस्तीशीही तसंच वागायला काय हरकत आहे? पहार लावण्याआधी प्रत्येक दगडाचा फोटो घ्यावा. कोरीव अक्षरं असतील तर ठसा काढून धारवाडच्या विद्यापीठातल्या जाणकाराला दाखवावा. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा. आणि ज्या मोबाइलवर आपण बोलीचे व्हिडिओ काढतो, त्यावरच एखाद्या दुपारी म्हातारीसमोर बसून तिचा पाळणा उतरवून घ्यावा. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या कामाला तर एक रुपयासुद्धा लागत नाही, ठराव तर नाहीच नाही.

बीचिराजाच्या कारागिरानं यायच्या चोविशीसाठीही पाकळ्या कोरून ठेवल्या. आपण मागच्याच खुडत बसलो, तर पुढच्या कशाच्या आधारानं राहतील?