परिभ्रमण, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा : होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचे एक चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

विज्ञान हा निरीक्षणाचा व प्रयोगाचा विषय आहे, हे विधान शिक्षणशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आढळते. कोठारी आयोगाने (1964-66) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांसाठी अनिवार्य असावे अशी शिफारस केली. पुढे तो विषय अनिवार्य झालाही. परंतु बहुसंख्य शाळांमधून तो वाचून, उतरवून आणि पाठ करून शिकविला गेला. शाळेभोवतालचे शेत, ओढा, बांधावरची झाडे यांचा विज्ञानाच्या तासिकेशी संबंध आला तो वार्षिक सहलीपुरता, आणि सहलीतही डबा खाण्याला निरीक्षणापेक्षा अधिक वेळ मिळाला.

या पार्श्वभूमीवर मध्य प्रदेशातील होशंगाबाद (2022 पासून नर्मदापुरम्) जिल्ह्यात 1972 ते 2002 अशी तीस वर्षे चाललेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम हा भारतीय शिक्षणाच्या इतिहासातील एक लक्षणीय प्रयत्न होय. या कार्यक्रमाविषयी गौरवपर लेखन पुष्कळ झाले आहे. मुले आनंदाने शेतात जात, स्वतः प्रयोग करीत, प्रश्न विचारीत, ही वर्णने खरीही आहेत. परंतु आनंद हा टीकेचा निकष होऊ शकत नाही. तीस वर्षे शासकीय शाळांतून असा कार्यक्रम टिकतो तेव्हा त्यामागे उत्साहाहून वेगळे काही असले पाहिजे. प्रस्तुत लेखात कार्यक्रमाची 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तकमाला आणि तिच्यातील परिभ्रमणाची, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन करावयाच्या अभ्यासाची कल्पना यांच्या आधारे त्याचा शोध घ्यावयाचा आहे.

कार्यक्रमाची पार्श्वभूमी

'किशोर भारती' आणि रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन स्वयंसेवी संस्थांनी 1972 मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या 16 ग्रामीण शाळांमध्ये हे काम सुरू केले. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून तेथे गेले होते. याच संस्थेचे राष्ट्रीय केंद्र म्हणून 1974 मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले, हे लक्षात घेता महाराष्ट्रातील विज्ञानशिक्षणाच्या चळवळीशी होशंगाबादचे नाते दूरचे नाही. दिल्ली विद्यापीठातील आणि पुढे मध्य प्रदेशातील महाविद्यालयांतील अनेक प्राध्यापक कार्यक्रमाच्या स्रोत दलात काम करू लागले. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील या स्तराच्या सर्व शाळांत लागू झाला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने त्याची जबाबदारी स्वीकारली आणि तो हळूहळू इतर जिल्ह्यांतही पोहोचला. 2002 मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.

अपूर्ण ठेवलेले पुस्तक

'बाल वैज्ञानिक' हातात घेतल्यावर प्रथम जाणवते ती त्याची अपूर्णता. सर्वसाधारण पाठ्यपुस्तकात व्याख्या आधी येते, मग स्पष्टीकरण, मग उदाहरण आणि अखेरीस स्वाध्याय. येथे क्रम उलटा आहे. पुस्तक सूचना देते, प्रश्न विचारते, कोष्टक आखावयास सांगते आणि उत्तराच्या जागी थांबते. ती जागा विद्यार्थ्याच्या वहीने भरावयाची असते. यास्तव केवळ पुस्तक वाचून कोणालाही विज्ञान 'येणार' नाही. पाठांतराच्या दृष्टीने हे पुस्तक जवळजवळ निरुपयोगी आहे आणि हाच त्याच्या रचनेचा हेतू आहे. पालकांना ते अडचणीचे वाटले तर त्यात आश्चर्य नाही; कारण घरी बसून त्यातले काय 'पाठ करून घ्यावे' हे कळत नाही.

या रचनेचे सामर्थ्य पाने आणि मुळे यांच्या अभ्यासात विशेष दिसते. मुलांनी चौघांच्या टोळीने बाहेर जावयाचे, लहान रोपे मुळासकट उपटून आणावयाची, पानांवरील शिरांची रचना पाहावयाची, मुळांचे प्रकार पाहावयाचे आणि दोन्हींची नोंद एकाच कोष्टकात करावयाची. पुरेशी रोपे जमली की कोष्टकच बोलू लागते : ज्यांच्या पानांत शिरांचे जाळे आहे त्यांना बहुधा सोटमूळ आहे आणि ज्यांच्या शिरा समांतर आहेत त्यांना तंतुमय मुळे आहेत. हा संबंध कोणी सांगितलेला नसतो, तो आढळलेला असतो. त्याला 'शिराविन्यास' हे नाव नंतर मिळते. पारिभाषिक संज्ञा आधी आणि वस्तू नंतर, या आपल्या वर्गांतील रूढ क्रमाची ही सरळ उलटापालट होय.

तथापि या अभ्यासाची खरी कसोटी नियम सापडण्यात नाही, नियम मोडण्यात आहे. एखादा मुलगा परसातले अळू घेऊन आला तर काय होईल? अळू एकदलवर्गीय आहे, त्याची मुळे तंतुमय आहेत, पण पानात शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. घोटवेलीचीही तीच गत. ठरीव पाठ्यपुस्तकात असा अपवाद तळटीपेत जातो किंवा मुळीच येत नाही. बाहेर गेलेल्या मुलाच्या हातात मात्र तो अपघाताने येतोच, कारण निसर्ग अभ्यासक्रमाच्या सोयीने उगवत नाही. त्या क्षणी शिक्षक 'ते राहू दे, दुसरे रोप आण' असे म्हणाला तर परिभ्रमण सहल ठरते; 'असे आणखी कोठे दिसते का, ते शोधा' असे म्हणाला तर तो विज्ञानाचा तास होतो. पुस्तक शिक्षकाला या क्षणापर्यंत आणून सोडते, पुढचे काम पुस्तकाचे नाही. कार्यक्रमातील शिक्षक-प्रशिक्षण, मासिक बैठका आणि शाळांना दिलेल्या अनुवर्तन-भेटी यांचे महत्त्व येथे कळते. अळू नाकारू नये हे शिक्षकाला एकट्याने सुचत नाही. सुचले तरी वरिष्ठ काय म्हणतील या भीतीने तो ते करीत नाही.

मोजमापाच्या अभ्यासातही हाच दृष्टिकोन दिसतो. एकच लांबी अनेक मुलांनी मोजली असता उत्तरे थोडीथोडी वेगळी येतात. या फरकाला कार्यक्रमात 'घट-बढ़' असे साधे नाव दिले गेले आणि तो चूक न मानता मापनाचा गुणधर्म मानला गेला. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मात्र पदवीचा विद्यार्थी 'स्टँडर्ड व्हॅल्यू' आधी पाहून मग निरीक्षणांचे रकाने भरतो, हे विज्ञानाच्या प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे. सहावीच्या मुलाने जे शिकावे ते आपला पदवीधर विसरलेला असतो, की त्याला ते कधी शिकविलेच गेले नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

परीक्षेचे स्थान

कार्यक्रमाच्या गौरवपर वर्णनांत परीक्षेला थोडी जागा मिळते. वस्तुतः ती सर्वांत अधिक मिळावयास हवी. विद्यार्थ्यांना पुस्तक आणि स्वतःची वही परीक्षेत जवळ ठेवण्याची मुभा होती. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही होती. यामुळे दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे स्मरणाची परीक्षा घेणे निरर्थक झाले. दुसरी अधिक महत्त्वाची : वर्षभर बाहेर जाऊन केलेल्या नोंदींना मोल आले. वही कोरी असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तक जवळ असूनही उपयोग नव्हता, कारण पुस्तकात उत्तरे नव्हती.

'गुण दिले की काम होते' असा सरळ अर्थ मात्र यातून काढता येणार नाही. त्याचा पुरावा महाविद्यालयांतच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यात क्षेत्रकार्याला पाच तासिकांइतका अवधी आणि 100 पैकी 25 गुण ठेवण्यात आले. तरतूद उत्तम होती. प्रत्यक्षात काय झाले ते सर्वांस परिचित आहे. नदीच्या प्रदूषणावरील एकच अहवाल वर्षानुवर्षे वेगवेगळ्या नावांनी सादर झाला. झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प तयार मिळू लागले. नदी न पाहताच नदीचे क्षेत्रकार्य पूर्ण झाले. गुण तेथेही होते. फरक असा की येथे गुण अहवाल या वस्तूला होते आणि होशंगाबादेत ते, बाहेर काय दिसले यावर पुढे विचारलेल्या प्रश्नांना होते. अहवाल उतरविता येतो. आपण आणलेल्या रोपांपैकी कोणते रोप कोष्टकात बसले नाही, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या वहीतून उतरविता येत नाही.

म्हणून परिभ्रमणाचे यश बाहेर जाण्यात शोधणे ही दिशाभूल आहे. ते परत येण्यात आहे : बाहेरून आणलेले वर्गात मांडले जाते का, त्यावर वाद होतो का आणि वर्षाअखेरीस त्याविषयी कोणी काही विचारते का.

मर्यादा

या कार्यक्रमाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. वनस्पती, पिके, माती, आकाशनिरीक्षण या विषयांत परिभ्रमणाला स्वाभाविक वाव आहे. विद्युत, आम्ल व आम्लारी यांसारख्या विषयांत नाही. तेथे साधनपेटी लागते आणि साधनपेटीचा पुरवठा शासनावर अवलंबून असतो. निसर्ग विनामूल्य आहे या समजुतीवर स्वस्त विज्ञानशिक्षण उभे करता येईल, ही कल्पना होशंगाबादचा अनुभव पाहता टिकत नाही. शिक्षकाचा वेळ, त्याचे प्रशिक्षण आणि त्याच्याकडे होणारी ये-जा हे सर्व खर्चाचेच भाग आहेत.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. 'शेतात जा' हे वाक्य छापताना सोपे असते. गावात मात्र शेत कोणाचे तरी असते. भूमिहीन मजुराचा मुलगा, सातवीतली मुलगी आणि जमीनदाराचा मुलगा यांना तेच शेत एकाच मोकळेपणाने पाहता येते असे नाही. एकाने तेथे निंदणी केलेली असते, दुसरीला घरून एकटीने बाहेर पडण्याची परवानगी नसते, तिसऱ्याच्या ते मालकीचे असते. चौघांची टोळी वर्गात समान असली तरी बांधावर ती समान राहते का, या प्रश्नाची चर्चा कार्यक्रमाविषयीच्या लेखनात व्हावी तितकी झालेली दिसत नाही. महाराष्ट्रात 1937 च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नई तालीमने श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालताना या प्रश्नाला हात घातला होता. निरीक्षणावर भर देणाऱ्या पुढील प्रयोगांत तो काहीसा मागे पडला असे म्हणावे लागते.

तिसरी मर्यादा राजकीय होय आणि तिनेच कार्यक्रमाचा शेवट केला. जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे पुस्तक व वेगळी परीक्षा कशासाठी, ही मुले नववी-दहावीत मागे पडतात, हे आक्षेप जुनेच होते. 2002 मध्ये जिल्हा नियोजन समितीच्या ठरावानंतर शासनाने निर्णय घेतला, तेव्हा देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला. निर्णय बदलला नाही. येथे कार्यक्रमाच्या समर्थकांना एक अवघड प्रश्न विचारता येतो. तीस वर्षांनंतरही नववीचे पाठ्यपुस्तक आणि दहावीची परीक्षा पूर्वीसारखीच राहिली होती. सहावी ते आठवी हे तीन वर्षांचे बेट वरच्या इयत्तांच्या समुद्रात किती काळ टिकणार होते? शासनाचा निर्णय अविचारी होता हे मान्य करूनही, पालकांची धास्ती केवळ अज्ञानातून आलेली नव्हती हे नाकारता येत नाही. त्यांच्या मुलाला शेवटी त्याच दहावीला बसावयाचे होते.

आजचा संदर्भ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त कालावधीची शिफारस आहे. स्थानिक कारागीर, उद्योग, बागकाम यांचा अनुभव मुलांना मिळावा हा त्यामागील हेतू स्वागतार्ह आहे. मात्र दप्तर घरी ठेवले की वहीही घरी राहते. त्या दिवसांत पाहिलेले अकराव्या दिवशी विज्ञानाच्या तासिकेत कोठे येते, याचा विचार शाळा पातळीवर झाला नाही तर पर्यावरणाच्या क्षेत्रकार्याचेच चित्र खालच्या वर्गांत उमटेल.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रश्नाशी संबंध केवळ टीकाकाराचा नाही. 'बाल वैज्ञानिक'मध्ये 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र आहे. मुलांनी त्याला पत्र लिहून मनातले प्रश्न विचारावेत अशी योजना होती आणि त्या पत्रांना उत्तरे पाठविली जात. अशी उत्तरे लिहिण्यासाठी विषयाचे जाणकार लागतात. महाराष्ट्रात तालुक्याच्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे, वनस्पतिसंग्रह आहे, अळू आणि घोटवेल एकदलवर्गीय का मानतात हे सांगू शकणारा अध्यापक आहे. आणि बहुधा त्याच रस्त्यावर जिल्हा परिषदेची शाळाही आहे. त्या शाळेतून आलेल्या पत्राला उत्तर लिहिण्यात गेलेला वेळ अध्यापकाच्या पदोन्नतीच्या कोष्टकातील कोणत्या रकान्यात भरावयाचा, हे अद्याप कोणी ठरविलेले नाही.