पगार आणि घर

विल्यम ज्युलियस विल्सन या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाचे ‘द डिक्लायनिंग सिग्निफिकन्स ऑफ रेस’ १९७८ साली आले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे भवितव्य आता वंशापेक्षा वर्ग ठरवतो, हा त्यातला दावा. शिकलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, न शिकलेले बंद पडणाऱ्या कारखान्यांबरोबर बुडाले, हे निरीक्षण आम्हाला पटते. जुन्या वंशभेदाचा इतिहासही ते टाळत नाहीत. पण त्यांचे लक्ष नोकरी-पगारावर. घर कुणाच्या नावावर, याला जागा फार थोडी. (आमच्या शाळेतही फीमाफीला उत्पन्नाचाच दाखला लागतो!) १९३४ पासून सरकारने घरकर्जांना हमी दिली, ती देताना कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवून वगळल्या. गोऱ्या कामगाराचे घर मुलांकडे गेले, कृष्णवर्णीय कामगाराचे भाडे घरमालकाकडे. म्हणजे विल्सन ज्याला वर्ग म्हणतात, तो बराचसा वंशानेच घडवला. ऑलिव्हर व शपिरो यांनी १९९५ च्या ‘ब्लॅक वेल्थ, व्हाइट वेल्थ’मध्ये पगार बाजूला ठेवून मालमत्ता मोजली, म्हणून ते पुस्तक आम्हाला उजवे वाटते. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५,०००.