गल्लीतली बाई

शेतकरी आत्महत्यांची मोजदाद ज्या गावांतून देशभर पोचली, त्यांत पांढरकवडा ठळक आहे. केळापूर तालुक्याच्या या गावातून विदर्भ जनआंदोलन समितीचे किशोर तिवारी वर्षानुवर्षे वृत्तपत्रांना नावे आणि आकडे कळवत राहिले. त्या यादीने सरकारला ऐकायला लावले, हे मान्यच. पण यादी गेलेल्या माणसाची असते. मागे राहिलेल्या बाईची नोंद ‘पश्चात पत्नी व दोन मुले’ एवढ्यावर संपते. आपले साहित्य, नाटक, सिनेमा या नोंदीपुढे किती गेले, हा माझा प्रश्न आहे. त्यातही नेमके विचारायचे तर, या बाईचे मन कोण सांभाळते, हे कोणी पाहिले?

‘बारोमास’पुरते सांगायचे तर सदानंद देशमुखांनी शेतकरी घराची घुसमट जितकी आतून मांडली तितकी क्वचित कोणी मांडली असेल. तरी एकनाथची शिकलेली बायको त्या घुसमटीत भर घालणारी म्हणूनच वाचकाच्या लक्षात राहते. कादंबरी एकनाथच्या खांद्यावरून तिच्याकडे बघते.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) मला याबाबतीत अधिक जवळचा वाटतो. ‘गाभ्रीचा’ ही आमच्याकडची शिवी, पावसालाच दिलेली. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका धास्तावते. किसनाच्या मनातही तेच असेल का? मग ती त्याच्या आवडीचे रांधते, लहान मुलाला आणि सासूला त्याच्यावर नजर ठेवायला सांगते. हसू यावे असाच हा प्रकार दिग्दर्शकाने मांडला आहे, आणि हसता हसता घशात आवंढा येतो. नवऱ्याचे मन जपणे हे घरकामातलेच एक काम असते, धुण्याभांड्यांसारखे, हे मराठी पडद्यावर इतक्या साधेपणाने क्वचितच आले. मात्र अलकाची धास्ती ऐकून घेणारे कोणी तिला आहे का, याकडे चित्रपट फारसा वळत नाही. सोनाली कुलकर्णींच्या डोळ्यांत ती धास्ती साठून राहते, एवढेच.

शासनाची नजरही तशीच. आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर कुटुंबाला एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरवताना जमीन, कर्ज, तगादा बघतात. शेतकऱ्यांच्या नैराश्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, तेव्हा घरोघरी विचारपूस करायची ती आशाताईंनी. म्हणजे पुन्हा बाईनेच.

या पार्श्वभूमीवर 11 जानेवारी 2019 चा दिवस मला फार महत्त्वाचा वाटतो. यवतमाळच्या 92 व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन नयनतारा सहगल करणार होत्या. त्यांचे निमंत्रण रद्द झाले, ते लाजिरवाणेच होते. त्यांच्या जागी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या: शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत मदतनीस. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा आशयाचे त्या बोलल्या. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून या वाक्याचा अर्थ एकाच दिशेने लावला गेला: टोला कुणाला, बाजू कुणाची. निमंत्रणाच्या वादाने वाक्य गिळून टाकले. त्यात एका बाईने आपल्या जगण्याचा आधार कुठे आहे ते सांगितले होते. पैसा, योजना, पुढारी यांच्या आधी तिला शेजारीण आठवली. त्या मांडवात जमलेल्या आम्हा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना हे ऐकू यायला हवे होते.

अर्थात गल्ली म्हणजे काही माहेर नव्हे. संमेलन झाले तेव्हा संक्रांत तोंडावर होती. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरवणारीही गल्लीतलीच बाई. रात्री पोर तापाने फणफणले की धावून येणारी आणि सकाळी शुभकार्यात तोंड फिरवणारी बाई एकच असू शकते. वैशालीताईंच्या वाक्याला ही दुसरी बाजू जोडली तरच ते पूर्ण कळते. या दुहेरी नात्यावर एखादी कादंबरी उभी राहू शकेल, पण ती अजून माझ्या वाचनात नाही.

संमेलनानंतर साधारण महिनाभराने, 16 फेब्रुवारीला, पांढरकवड्यात पंतप्रधानांच्या उपस्थितीत बचत गटांच्या महिलांचा मोठा मेळावा झाला. बचत गटाबद्दल आपण नेहमी रुपयांत बोलतो: बचत किती, कर्ज किती, परतफेड किती. पण दहा-बारा बायकांनी ठरल्या दिवशी घराबाहेर एकत्र बसायला मिळालेले हे एक रीतसर निमित्त आहे. हप्ता भरून झाल्यावर उठायला जो वेळ लागतो, तो वहीत येत नाही. आमच्या कथांतही येत नाही. तिथे बचत गट आला तर बहुधा विनोदाला, नाहीतर ग्रामपंचायतीच्या राजकारणाला.

म्हणून ‘तेरवं’ या नाटकाचे मोल. लेखन श्याम पेठकरांचे, दिग्दर्शन हरीश इथापे यांचे. रंगमंचावर शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः उभ्या राहतात. वैशालीताई त्यांच्यातल्याच. गेलेल्याच्या तेराव्या दिवसाचे नाव नाटकाला आहे आणि त्यानंतरचे सगळे दिवस ज्यांच्या वाट्याला आले त्या बोलतात. मराठी रंगभूमीवर दुःख भोगणारी बाई बहुधा एकटी उभी असते, प्रकाशझोतात. इथे त्या अनेक जणी आहेत. हा फरक मला संहितेपेक्षा मोठा वाटतो.

एक तक्रार मात्र आहे. या बायका आपल्याशी, म्हणजे प्रेक्षागृहाशी बोलतात. साक्ष द्यायची तर समोर बघावेच लागते, आणि ती साक्ष आपल्याला गरजेची होतीच. तरी मला ओढ आहे ती त्यांच्या आपसातल्या बोलण्याची. तालमीला यायचे तर पोरे कोणाकडे ठेवली? पहिल्यांदा मोठ्याने हसल्यावर कोणी कोणाकडे पाहिले? प्रयोग संपवून रात्री गावाकडे परतताना गाडीत त्या काय बोलल्या असतील, ते त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहावे, आणि शक्यतो वऱ्हाडीतच.