सवय कोणाची, घर कोणाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१मध्ये संमिश्र अध्ययनाचा संकल्पना-मसुदा मांडला. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात शिकवावा, अशी त्यातली सूचना. करोनाकाळातल्या तात्पुरत्या सोयीला अशी कायमची जागा मिळू लागली आणि संशोधकांना एक विषयही मिळाला : विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता व अभ्यासाच्या सवयी यांचा सहसंबंध. अशा अभ्यासांचा सूर ओळखीचा आहे. भावनिक बुद्धिमत्ता जास्त त्याच्या सवयी चांगल्या, म्हणून कार्यशाळा घ्याव्यात. यातला सहसंबंध खोटा नाही. तपासायला हवा तो हा ‘म्हणून’.

आधी सवयी मोजतात कशा, ते पाहू. पुणे विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. म. न. पलसाने आणि अनुराधा शर्मा यांची अभ्यास-सवयींची सूची आपल्याकडे बरीच वापरली जाते. तिच्यात ४५ विधाने आणि आठ क्षेत्रे आहेत : वेळेचे नियोजन, अभ्यासाची भौतिक परिस्थिती, वाचनक्षमता, टिपणे काढणे, प्रेरणा, स्मरण, परीक्षा देणे आणि आरोग्य. शिकवणे वर्गात आणि उजळणी घरी, अशा काळात परिस्थितीला सवयींत धरणे समजण्यासारखे होते. आता घर हाच वर्गाचा एक भाग झाला आहे. तरीही आठही क्षेत्रांची बेरीज करून एकच आकडा काढला, की जागेची उणीव विद्यार्थ्याच्या नावावर चढते.

ही सूची वढू बुद्रुकच्या एखाद्या घरात नेऊन पाहू. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सबंध महाराष्ट्राला ठाऊक असलेले हे शिरूर तालुक्यातले गाव. एकीकडे भीमेकाठची शेती, दुसरीकडे कोरेगाव भीमा-सणसवाडीचे कारखाने. समजा, इथली एक मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर दोन खोल्यांचे. स्मार्टफोन एकच, तोही वडिलांबरोबर दुसऱ्या पाळीला जातो. ते परतले की ती व्याख्यान पाहायला बसते. शेतपंपाला रात्रीची वीज असली, की भाऊ पाणी धरायला जातो. उसात बिबट्याची धास्ती, त्यामुळे तो येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही. ठरलेली वेळ आणि शांत जागा यांबद्दलच्या विधानांपुढे ही मुलगी प्रामाणिकपणे ‘क्वचित’वर खूण करील. गुण कमी पडतील.

पण पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९०मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी कल्पना मांडली, तिच्यात स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांचे नियमन करणे आणि विचार व कृतीसाठी त्यांचा उपयोग करणे येते. थकून आलेल्या वडिलांकडून न भांडता फोन मागून घेणे, भावाची काळजी बाजूला ठेवून तासभर मन लावणे, हे दुसरे काय आहे? तिची भावनिक समज भरपूर आणि ‘सवयी’ वाईट. संशोधकाच्या आलेखात ती रेषेपासून दूर पडलेला एक ठिपका ठरते. खरे तर त्या ठिपक्यापाशीच थांबून विचारायला हवे होते.

दुसरी अडचण मोजपट्टीची. दोन्ही प्रश्नावल्या एकाच बैठकीत एकच विद्यार्थी भरतो. स्वतःबद्दल चांगले मत असलेला दोन्हीकडे चांगलेच लिहितो. कॅरोलिन मॅककॅन आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये ४२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. भावनिक बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक यश यांचा सहसंबंध ०.२० निघाला. प्रत्यक्ष कसोटीने क्षमता मोजली तिथे तो ०.२४ होता, विद्यार्थ्याने स्वतःला गुण दिले तिथे ०.१२. सहसंबंध ०.२० म्हणजे यशातल्या तफावतीपैकी सुमारे चार टक्के. हा वाटा नगण्य नाही, पण सगळा भार कार्यशाळेवर टाकण्याइतका मोठाही नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. एकाच घरातली दोन भावंडे, एक अभ्यास करते, दुसरे करत नाही. मग घराला दोष कसा द्यायचा? फरक असतो, हे खरेच. मात्र एका घरात राहिल्याने दोघांची परिस्थिती एक होत नाही. चुलीपाशी कोणाला हाक मारली जाते आणि फोन आधी कोणाच्या हाती जातो, हेही मोजावे लागते. सारख्या परिस्थितीतली मुले शेजारी ठेवली, तरच उरलेल्या फरकाला स्वभावाचे किंवा समजेचे नाव देता येईल.

म्हणून परिस्थितीची विधाने बेरजेतून वेगळी काढावीत आणि त्यांचे उत्तर विद्यार्थ्याकडे न मागता संस्थेकडे मागावे. गावात रात्री उघडी राहणारी अभ्यासिका आहे का? व्याख्यान उतरवून घेऊन नंतर पाहता येते का? अडलेले विचारायला शिक्षक ठरलेल्या वेळी भेटतात का? ही उत्तरे ‘नाही’ अशी असताना त्या मुलीला भावनांचे नियमन शिकवायला जाणे म्हणजे तिला जे आधीच येते, त्याचा वर्ग घेणे. तिला हवी आहे ती एक खुर्ची, एक दिवा आणि तासभर स्वतःचा फोन.