पत्रे छापली, कागद हरवला

मराठीत पत्रसंग्रहांना तोटा नाही. ह. वि. मोटे यांच्या ‘विश्रब्ध शारदा’ने लेखक-कलावंतांच्या पेट्यांतली पत्रे उजेडात आणली. जी. ए. कुलकर्णींच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. साने गुरुजींनी पुतणीला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ शाळेच्या कपाटातही सापडतात. तरी जुन्या प्रेमपत्रांचे, चित्रांसकट चाळता येईल असे एखादे पुस्तक मागा, ग्रंथपाल घुटमळतोच. यात पत्रांचा दोष नाही. पत्र म्हणजे निव्वळ मजकूर, अशी आपल्या संपादकांची समजूत झाली आणि अक्षराचे वळण, खाडाखोड, समासात तिरपे घुसवलेले वाक्य, पोस्टाचा शिक्का हे सगळे छापखान्याच्या दाराबाहेरच राहिले.

इंग्रजीत हा प्रकार रुळलेला आहे. अँटोनिया फ्रेझर यांचा प्रेमपत्रांचा संग्रह 1976चा, त्यानंतर तशी पुस्तके येतच राहिली. तिथल्या संपादकाला मूळ कागदही हाताशी असतात. आठव्या हेन्रीने अ‍ॅन बोलिनला लिहिलेली 17 पत्रे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. मार्जरी ब्रूज या मुलीने 1477च्या फेब्रुवारीत आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पाठवलेले पत्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. पण या पुस्तकांचे फार कौतुक नको. त्यांतली बरीचशी भेट देण्यासाठी काढलेली असतात. राजे, सेनापती, कवी अशी ठरलेली मंडळी आणि जागा भरायला गुलाबाची चित्रे. पत्राच्या शेजारचे चित्र त्या पत्राबद्दल काही सांगत नसेल, तर ते वेष्टनाचा कागद ठरते. मराठीत असे पुस्तक करायचे तर ही नक्कल टाळूनच करावे लागेल.

नक्कल करण्याची गरजही नाही. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत बसून हे लिहिताना तर ती मुळीच भासत नाही. प्रियकराला निरोप धाडणारी आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध नायिका विदर्भाचीच. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीने ब्राह्मणाहाती कृष्णाला निरोप पाठवला, मला घेऊन जा. महानुभाव कवी नरेंद्राने आणि पुढे एकनाथांनी तिचे स्वयंवर मराठीत आणले. आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगराला कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले आहे आणि काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्नही इथेच लावून दिले आहे. जिल्ह्याच्या पर्यटन-पत्रिकेत ही ओळ ठळक छापायला हरकत नसावी!

चित्रांचीही परंपरा आहे. राजा रविवर्म्याने 1876 साली कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली आणि ती मोनियर-विल्यम्सच्या ‘शाकुंतल’च्या भाषांतरात मुखचित्र म्हणून गेली. पुढे मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या काळात दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांनी मराठी वाचकाला चित्र पाहायची सवय लावली. मात्र या साऱ्या परंपरेत पत्र हे नायिकेच्या रूपाला निमित्त. आपण पाहतो ती तिची मान, तिची बोटे. ती काय लिहिते आहे, हे विचारायची तसदी चित्रकार घेत नाही आणि आपणही घेत नाही.

इतिहासकारांचे वेगळेच. राजवाड्यांनी गावोगाव फिरून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली, सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापले. हे डोंगराएवढे काम आहे, त्याला उणे म्हणवत नाही. पण त्यांचा शोध राज्याचा होता. मोहीम, वसुली, कर्ज, वकिलांचे अहवाल यांना साधन म्हणायचे आणि घरातला जिव्हाळा दुय्यम मानायचा, ही शिस्त तिथून पडली. परिणाम असा, की बाजीराव-मस्तानीचे प्रेम सर्वांना पाठ, पण त्यासाठी बोट दाखवायचे ते कादंबरीकडे नाहीतर सिनेमाकडे.

या पार्श्वभूमीवर ‘कुसुमानिल’ या पत्रसंग्रहाचे महत्त्व मोठे आहे. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, 1901 साली मूर्तिजापूरला जन्मले. इंझोरीहून कारंज्यावरून गेले की पुढे मूर्तिजापूरच लागते. कुसुम जयवंत, म्हणजे पुढच्या कुसुमावती देशपांडे, 1904 साली अमरावतीत जन्मल्या. दोघांचे लग्न 1929 साली झाले. त्याआधीच्या वर्षांत, शिक्षणाने आणि घरच्यांनी दूर ठेवलेल्या या दोघांनी एकमेकांना जे लिहिले, ते कुसुमावतींच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आले. मराठीत स्वतःच्या नावानिशी, आडपडदा न ठेवता प्रेमपत्रे छापायला देण्याचे धाडस इतक्या ठळकपणे दुसऱ्या कुणी केलेले नाही. आणि ही माणसे काही बंडखोर म्हणून मिरवणारी नव्हती. अनिल न्यायखात्यात नोकरी करणारे, कुसुमावती नागपूरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या. अनिल 1958 साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, कुसुमावती 1961 साली ग्वाल्हेरला. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या.

हा संग्रह वाचताना मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. यात दोन्ही बाजू आहेत. जगभरच्या संग्रहांत बहुधा पुरुषाची पत्रे उरतात, कारण बायकांनी ती जपलेली असतात. बायकांची पत्रे उरत नाहीत, कारण पुरुषांनी ती हरवलेली असतात. इथे कुसुम अनिलच्या बरोबरीने बोलते. ‘फुलवात’ लिहिणारा कवी आणि पुढे मराठी कादंबरीचा साक्षेपी आढावा घेणारी समीक्षक, दोघेही घडण्याच्या वयात इथे भेटतात. पुस्तकाचे उणे एवढेच, की हा तरुण आवाज एकसारख्या खिळ्यांत जुळवला गेला. कुठे हात थरथरला, कुठे शब्द खोडून दुसरा घातला, हे वाचकाने कल्पनेनेच भरायचे.

आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांची पत्रे कोणत्याही सुंदर संग्रहाला अडचणीत आणतील, आणि म्हणूनच ती त्यात हवीत. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंच्या चरित्रासोबत पत्रेही छापली, हा त्यांचा आपल्यावर उपकार आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी 1883च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसलेली ही अठरा वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाहून नवऱ्याला लिहिते. त्याने विचारलेले असते, मी तुला बरे वागवले की वाईट? ती हिशेब मांडते. लहानपणी मोडक्या लाकडाने मारणे, पुस्तके आणि खुर्च्या अंगावर फेकणे, सोडून जाण्याची धमकी, हे सगळे ती नाव घेऊन सांगते. आणि तरी, ज्या ध्येयासाठी हे झाले ते पाहता बरे, पोराच्या मनावर झालेला परिणाम पाहता वाईट, असा निवाडा देते. याला प्रेमपत्र म्हणायचे? मी म्हणेन. इतक्या दूरवरून, इतक्या सरळपणे आपल्या माणसाला खरे सांगणे हे शंभर ‘प्राणप्रिये’हून मोठे आहे. पण याच्या शेजारी फुलांची महिरप चालणार नाही. तिथे हवे 1885च्या ऑक्टोबरातले ते छायाचित्र, ज्यात जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली यांच्याबरोबर साडीतली आनंदीबाई आहे. महाविद्यालयात प्रवेश मागणारे तिचे पत्र फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे. परक्या संस्थेला तिचे अक्षर जपावेसे वाटले, ही आपल्याला टोचायला हवी अशी गोष्ट.

सावित्रीबाई फुल्यांची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे 1856, 1868 आणि 1877 सालची. शृंगार शोधणाऱ्याला त्यांत काही मिळणार नाही. 1868च्या पत्रात गावकऱ्यांच्या तावडीतून वाचवलेल्या प्रेमी जोडप्याची हकिकत आहे, मुलगा ब्राह्मण आणि मुलगी अस्पृश्य मानलेल्या जातीची. 1877च्या पत्रात जुन्नर भागातला दुष्काळ आहे. नवऱ्याला पत्र लिहिताना बाई कामाचा अहवाल देते, आणि त्या अहवालातच तिचा त्याच्यावरचा विश्वास दिसतो. बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांना लिहिलेली पत्रेही अशाच संग्रहातली. लग्नानंतर त्या सविताबाई झाल्या; त्यांच्या ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’मध्ये ती येतात. 1948च्या एप्रिलात लग्न झाले तेव्हा राज्यघटनेचे काम चालू होते, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

इथवर आलेली सगळी माणसे लिहिणारी होती. खेड्यातले प्रेम असे कागदावर उरत नाही. आमच्याकडे कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेल्या नवऱ्याचा कागद यायचा, तो वाचायचा शाळेतला पोरगा नाहीतर पोस्टमन. उत्तरही तोच लिहायचा. तिसऱ्याच्या हाताने लिहिताना बाई काय सांगणार? कपाशीला भाव काय आला, बैल कसा आहे, पाऊस पडला का, तब्येतीला जप. आंतर्देशीय पत्राच्या निळ्या कागदावर प्रेम एवढ्यातच बसवावे लागे. असे कागद विटलेल्या पिशव्यांत, देव्हाऱ्यामागे अजून पडून असतील. संग्रहात त्यांना जागा नसेल, तर तो संग्रह सुशिक्षितांपुरताच राहील.

असे पुस्तक निघायला अडचणी खऱ्या आहेत. रंगीत छपाई महाग, मोडी वाचणारे थोडे. शिवाय कायदा असा, की पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मागे वारसांचा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे तो टिकतो. अनिल 1982 साली गेले, म्हणजे त्यांच्या वारसांची संमती अजून घ्यावीच लागेल. पण संमती मागण्यासाठी आधी कुणीतरी विचारायला हवे.

विदर्भ साहित्य संघ 1923 साली अमरावतीत, कुसुमच्या जन्मगावी, सुरू झाला. त्याने वारसांशी बोलून, मूळ कागद हाती असतील तितके जमवून, ‘कुसुमानिल’ची हस्ताक्षरांसह सचित्र आवृत्ती काढण्याचे मनावर घ्यावे. आणि वाचकांनी एवढे करावे: घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पेटी रिकामी करताना पत्रांचा गठ्ठा रद्दीत घालू नये. पत्रे पाकिटांसकट ठेवावीत, कारण शिक्क्यावरची तारीख आणि गाव बऱ्याचदा आतल्या कागदावर नसतात.